म्हातारी माणसे का खंगतात?

'वय झालं' एवढे दोन शब्द उच्चारले की आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाची चौकशी संपते. काल-परवापर्यंत हंडा भरून आणणारी, नातवंडांना शाळेत पोचवणारी आजी भिंतीला धरून उठू लागते, लुगडे अंगावर सैल पडते, ताटातली अर्धी भाकरी तशीच राहते. शेजारीण विचारते, 'काय होतंय ओ?' घरातले सांगतात, 'काही नाही, वय झालं.' रोग असता तर दवाखाना गाठला असता, पण वयाला औषध कुठले? या उत्तरात एक सोय आहे. ज्या गोष्टीला कारण नाही, तिची जबाबदारीही कुणावर येत नाही. खंगलेल्या म्हातारपणाला मात्र कारणे आहेत, एक नव्हे अनेक आहेत, आणि त्यांतली पुष्कळशी माणसाने माणसावर लादलेली आहेत.

या स्थितीसाठी आपल्या बोलीत शब्दांना तोटा नाही. खंगणे, झिजणे, वाळणे, हातपाय गळणे, अंगात काही न राहणे. वैद्यकशास्त्राला मात्र तिची नीट व्याख्या करायला बराच काळ लागला. अमेरिकेतील लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली, आपापल्या घरी राहणाऱ्या पासष्ट वर्षांवरील ५३१७ स्त्री-पुरुषांच्या पाहणीवरून, खंगलेपणाच्या पाच खुणा ठरवल्या. वर्षभरात काही न करता साडेचार किलोंहून अधिक वजन उतरणे, सदा थकवा वाटणे, हाताच्या पकडीतला जोर जाणे, चाल मंदावणे, आणि एकूण हालचालच कमी होणे. पाचांपैकी तीन खुणा असतील तर माणूस खंगलेला समजावा, एक किंवा दोन असतील तर तो उंबरठ्यावर उभा आहे असे समजावे. वजनकाट्याशिवाय यातले काही लागत नाही. पकड मोजायचे यंत्र असते, पण पिळलेल्या कपड्यातून पाणी किती गळते यावरून घरातल्या बाईला ते आधीच कळलेले असते.

आता त्या पाहणीतला निष्कर्ष बघा. पासष्टी ओलांडलेल्या त्या माणसांत खंगलेले निघाले शंभरात सात. उंबरठ्यावरचे बरेच होते, पण पूर्ण खंगलेले सातच. वय हेच कारण असते तर बाकीच्या त्र्याण्णवांचे काय झाले? वयाबरोबर प्रमाण वाढते हे खरे आहे, ते कुणी नाकारीत नाही. परंतु त्याच पाहणीत दुसरीही गोष्ट दिसली. खंगलेल्यांत बायकांचे प्रमाण अधिक होते, कृष्णवर्णीयांचे अधिक होते, कमी शिकलेल्यांचे आणि कमी मिळकतीच्या माणसांचे अधिक होते. म्हणजे झीज सर्वांना सारखी लागत नाही. ती कुणाला लवकर गाठते हे समाजरचनेने बऱ्याच अंशी आधीच ठरवून ठेवलेले असते.

शरीरात नेमके काय घडते ते समजून घेतले पाहिजे. शरीराची स्वतःची एक कणगी असते. सुगीत भरायची आणि अडचणीच्या दिवसांत तीतून काढायचे. ही कणगी मुख्यतः मांसाची, म्हणजे स्नायूंची. ताप आला, जुलाब झाले, शस्त्रक्रिया झाली की शरीर स्नायूंतली प्रथिने मोडून वापरते. तरुणाची कणगी पुन्हा भरते. म्हाताऱ्याची भरायला वेळ लागतो, आणि मुळातच ती अर्धी असेल तर एका साध्या तापात तळ दिसतो. खंगलेल्या माणसाला काही मोठे व्हावे लागत नाही. चार दिवसांच्या जुलाबाने खाटेला खिळलेला म्हातारा पुन्हा उठलाच नाही, अशी घरे आपल्या सर्वांच्या पाहण्यात आहेत.

शिवाय हे रहाटासारखे चालते. मांस कमी झाले की लवकर दम लागतो. दम लागला की माणूस बसून राहतो. बसून राहिल्याने भूक मरते. भूक मेली की ताटात कमी घेतले जाते, आणि पुन्हा मांस कमी होते. या रहाटाला सुरुवात कुठूनही होऊ शकते. दात पडल्याने, डोळ्यात मोतीबिंदू आल्याने, एकदा घसरून पडल्याने, जोडीदार गेल्याने. सुरू झाल्यावर मात्र तो स्वतःच स्वतःला फिरवतो.

येथे एका गैरसमजाविषयी थांबून बोलले पाहिजे. आपल्या घरांत म्हाताऱ्या माणसाची कदर करायची म्हणजे त्याला बसवून ठेवायचे, असे समजले जाते. 'आई, तुम्ही बसा, मी करते,' असे सून म्हणते ते मायेनेच. जन्मभर राबलेल्या बाईला विसावा मिळावा ही भावना चांगली आहे. पण अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ठणठणीत म्हाताऱ्या माणसांना केवळ दहा दिवस बिछान्यात पडून ठेवले, तर दहा दिवसांत त्यांच्या पायांतले सुमारे एक किलो मांस गेले. खाणे-पिणे व्यवस्थित असताना. म्हणून दवाखान्यातून घरी आणलेल्या म्हाताऱ्याला महिनाभर खाटेवर ठेवणे ही सेवा नव्हे. त्याला आधार देऊन दारापर्यंत चालवणे ही सेवा.

मग प्रश्न उभा राहतो. हालचालीने मांस टिकत असेल, तर आयुष्यभर खडी फोडणारी, ऊस तोडणारी, गटारे उपसणारी, मोळ्या वाहणारी माणसे म्हातारपणी सगळ्यांत काटक असायला हवीत. प्रत्यक्षात त्यांचेच गुडघे आधी जातात. याचे उत्तर असे की, व्यायाम आणि मजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यायाम करणारा अंगाला ताण देतो, मग थांबतो, खातो, झोपतो, आणि त्या विसाव्यात स्नायू बांधला जातो. मजुराला थांबण्याचा अधिकार नसतो. तेच सांधे, तोच कणा, तीच ओणवी अवस्था, दिवसाचे दहा तास, आणि जेवण मात्र तुटपुंजे. डेन्मार्कमधील संशोधकांनीही हे दाखवले आहे की फावल्या वेळातल्या हालचालीने प्रकृतीला जो लाभ होतो, तो पोटासाठी केलेल्या जड अंगमेहनतीने होत नाही, उलट अपायही होतो. आपल्याला हे सांगायला डेन्मार्कची गरज नव्हती, पण पुरावा पुरावाच.

१९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसे अजून आपल्यात आहेत. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. मिलोची लाल भाकरी आणि सुकडी खाऊन खडी फोडणारे तेव्हाचे पंधरा-वीस वर्षांचे पोरगे आणि पोरी आज सत्तरीच्या आसपास आहेत. हाडे आणि स्नायू बांधण्याच्या वयात ज्यांना पोटभर मिळाले नाही, त्यांची कणगी मुळात भरलीच नाही. त्यांच्यानंतरच्यांचेही तेच. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात १९३१ ते १९३९ या काळात जन्मलेल्या माणसांचा पुढे म्हातारपणी अभ्यास झाला, तेव्हा दिसले की जन्मतः ज्यांचे वजन कमी होते त्यांच्या हाताची पकड साठीनंतरही कमजोर होती. आईच्या पोटातली उपासमार साठ वर्षांनी हाताच्या मुठीत दिसते. म्हातारपणाची कारणे म्हातारपणात शोधून सगळी सापडत नाहीत ती यामुळे.

अमेरिकेतील आर्लिन जेरोनिमस यांनी १९९२ साली एक विचार मांडला. ऊन-पावसाने दगड झिजावा तशी कृष्णवर्णीय स्त्रीची काया दारिद्र्य आणि वंशद्वेष यांच्या सततच्या माऱ्याने लवकर झिजते; तिचे म्हातारपण गोऱ्या स्त्रीच्या आधी सुरू होते. अपमान गिळणे, सावध राहणे, उद्याची चिंता वाहणे, यांचा शरीरावर परिणाम होतो. ताणाच्या वेळी स्रवणारी द्रव्ये वर्षानुवर्षे रक्तात राहिली तर स्नायू, रक्तवाहिन्या, साखर सांभाळण्याची ताकद हे सारे खर्ची पडते. आपल्याकडे जातीच्या बाबतीत असा विचार फार उशिरा सुरू झाला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नऊ राज्यांतल्या (त्यात महाराष्ट्र नव्हता) सुमारे दोन कोटी माणसांच्या माहितीवरून असे निघाले की, दलितांचे आयुर्मान उच्चवर्णीय हिंदूंपेक्षा तीन वर्षांहून अधिक कमी आहे आणि आदिवासींचे चार वर्षांहून अधिक. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, या फरकाचा निम्म्याहून कमी भाग आर्थिक स्थितीने समजावता आला. बाकीचा भाग गरिबीच्या खाती टाकता येत नाही. ज्यांना 'जात आता राहिली कुठे' असे वाटते त्यांनी हा हिशेब मांडून पाहावा.

आश्रमव्यवस्थेचे गोडवे गाणारे सांगतात की आपल्या संस्कृतीत वार्धक्याला वानप्रस्थ होता. असेल. पण तो त्रैवर्णिकांचा होता, आणि त्यांच्या मागे घरात धान्य होते. ज्याला हयातभर दुसऱ्याच्या रानातच राबायचे होते, त्याने कोणत्या वनात प्रस्थान करायचे?

आता ताटाकडे वळू. म्हाताऱ्या शरीराला प्रथिने कमी लागतात हा समज उलटा आहे. तरुण माणसाला वजनाच्या दर किलोमागे जेवढी लागतात, त्याहून थोडी जास्तच म्हाताऱ्याला लागतात, कारण मिळालेल्या प्रथिनांपासून मांस बांधण्याची शरीराची शक्ती मंदावलेली असते. तज्ज्ञांचे माप किलोमागे १ ते १.२ ग्रॅम असे आहे. पंचेचाळीस किलो वजनाच्या आजीला म्हणजे दिवसाला ४५ ते ५४ ग्रॅम. तिच्या ताटात असते काय? सकाळी चहा-खारी, दुपारी भाकरी आणि पातळ आमटी, रात्री पुन्हा भाकरीचा तुकडा दुधाविना चहात कुस्करून. जोंधळ्याच्या शंभर ग्रॅम पिठात प्रथिने साधारण दहा ग्रॅम. दोन भाकऱ्या आणि वाटीभर पातळ कालवण मिळून वीस-बावीस ग्रॅमच्या पुढे हिशेब जात नाही. निम्म्याहून जास्त तूट रोजची. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हे माप डॉक्टरला विचारून ठरवावे.)

आपल्या ताटातली ही तूट पूर्वी एका गोष्टीने काही अंशी भरून निघे. स्वस्त मांस. मोठ्याचे मांस, त्याच्या वाळवून ठेवलेल्या चान्या, रक्ती, वजडी. हे अन्न आपल्यावर लादले गेले होते, त्यात मानहानी होती, हे विसरायचे कारण नाही. परंतु पोषणाच्या बाजूने पाहता ते प्रथिनांचे आणि लोहाचे भांडार होते. महाराष्ट्रात २०१५ साली गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीचे मांस तेवढे राहिले. बोकडाच्या मटणाचा भाव गरिबाच्या आवाक्यातला नाही. तेव्हा ज्यांनी कायदा केला त्यांनी या म्हाताऱ्यांच्या ताटात दुसरे काय वाढले, हा प्रश्न विचारणे रास्त आहे. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ. दात नसतील तर शेंगदाण्याचा कूट कालवणात जातो, सुकट भाजून चुरता येते, डाळ पातळ न करता घट्ट शिजवता येते. यासाठी फार पैसा लागत नाही, म्हाताऱ्यांच्या ताटाकडे लक्ष मात्र लागते.

दातांचे सांगायचे तर आपल्या बायकांची मिश्री. भूक मारण्यासाठी, कामाचा शीण विसरण्यासाठी तंबाखू भाजून हिरड्यांना चोळायची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची. पन्नाशीत हिरड्या सुटतात, साठीत तोंड रिकामे होते, आणि कवळीचा खर्च घरातल्या कुणाच्याच यादीत नसतो. बाई घरात सगळ्यांच्या मागून जेवते ही गोष्ट तर इतकी जुनी आहे की तिच्याविषयी लिहिताना लाज वाटते. म्हातारपणी ती संपत नाही. नातवाला अंडे आणि आजीला रस्सा, ही वाटणी आजीच करते.

घरातल्या सत्तेचाही यात वाटा आहे. सफाई कामगारांच्या वस्त्यांत लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार नोकरी वारसाकडे जाते. नोकरी पोराच्या किंवा सुनेच्या नावावर झाली की काल घर चालवणारा माणूस आज मागणारा होतो. मागणे जमत नाही अशी माणसे गप्प बसतात. गप्प बसलेला माणूस कमी खातो, कमी बाहेर पडतो. उदासी हा मनाचा आजार म्हणून वेगळा ठेवला जातो, पण ती शरीराला खंगवते आणि खंगलेले शरीर पुन्हा उदासी वाढवते. ऊसतोडीच्या हंगामात दिवाळीनंतर गावे ओस पडतात आणि चार-पाच महिने म्हातारी माणसे नातवंडांना घेऊन मागे राहतात. हीही 'घरी राहणारी' माणसेच. त्यांची काळजी घेणारे कुणी नसते, आणि दुसऱ्यांची काळजी त्यांच्याच गळ्यात असते.

घर म्हणजे चार भिंती नव्हेत, हे म्हाताऱ्या पायांना बरोबर कळते. मुंबईतल्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, वर तीन मजले, लिफ्ट नाही, संडास सर्वांचा मिळून. अशा चाळींतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या म्हातारीचे जग गुडघ्यांच्या दुखण्याबरोबर आकसत जाते. आधी बाजार जातो, मग शेजार, मग गॅलरी. खेड्यात आणि झोपडपट्टीत संडास दूर म्हणून म्हाताऱ्या बायका संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. पाणी कमी पडले की चक्कर येते, बद्धकोष्ठ होतो, लघवीला जळजळ होते, आणि रात्री अंधारात ओल्या फरशीवरून जाताना पाय घसरतो. खुब्याचे हाड मोडले की उरलेले काम खाट करते. दाराच्या चौकटीशी एक धरायची कडी, मोरीत खडबडीत फरशी, रात्रभर जळणारा एक लहान दिवा. वस्तीतला गवंडी आणि वायरमन हे अर्ध्या दिवसात करून देतो.

औषधांविषयी थोडे. सांधेदुखीवर गल्लीतल्या डॉक्टरची जी पुडी दोन दिवसांत चमत्कार करते, तिच्यात कधी कधी स्टेरॉईड असते. ते महिनोन्‌महिने घेतले तर मांड्यांचे मांस जाते आणि हाडे ठिसूळ होतात. पण ते एकदम बंद करणेही धोक्याचे, सरकारी दवाखान्यात पुडी दाखवून मगच कमी करावे. झोपेच्या गोळ्यांनी तोल जातो. चार डॉक्टरांच्या चार चिठ्ठ्यांतल्या गोळ्या एकमेकींच्या अंगावर येतात. सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून वर्षातून एकदा तरी एकाच डॉक्टरपुढे ओताव्यात.

सरकारचे धोरण या सगळ्याकडे जन्मतारखेच्या खिडकीतून पाहते. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन २०२३ साली हजाराचे दीड हजार झाले, ही चांगली गोष्ट. पण ते पासष्टीनंतर. जन्मभर गटारात उतरलेल्या किंवा कोयता चालवलेल्या माणसाची पासष्टी पंचावन्नलाच येऊन गेलेली असते. आणि रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा लावायचा, तर पुष्कळांचा अंगठा उमटत नाही, कारण कष्टाने बोटांच्या रेघाच पुसल्या गेल्या आहेत. ज्या झिजेमुळे धान्याची गरज अधिक, तीच झीज धान्याच्या आड येते. बीड जिल्ह्यात २०१९ साली सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा तेरा हजारांहून अधिक बायकांची गर्भाशये काढलेली आढळली. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले गेले असेल तर हाडांची झीज त्या दिवसापासून सुरू होते. त्यांतल्या कित्येक जणी तेव्हा चाळिशीच्या आसपास होत्या. त्यांचे म्हातारपण कोणत्या तारखेपासून धरायचे?

तरीही ही झीज पुष्कळशी परतवता येते, आणि हे सांगितल्याशिवाय हा लेख संपवता येणार नाही. १९९० साली बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या दहा माणसांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला, तर त्यांच्या पायांतला जोर सरासरीने पावणेतीन पट झाला. १९९४ साली तोच प्रयोग शंभर जणांवर झाला. त्यात काहींना फक्त पौष्टिक पेय दिले, काहींना व्यायाम, काहींना दोन्ही. नुसत्या पेयाने जोर वाढला नाही, व्यायामाने दुपटीहून अधिक वाढला. पुढे २००२ साली घरीच राहणाऱ्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या १८८ खंगलेल्या माणसांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांतल्या अर्ध्यांना सहा महिने घरी जाऊन व्यायाम शिकवला, घरातले अडथळे काढले. त्यांचे परावलंबन कमी वाढले, मात्र ज्यांचा खंगलेपणा मध्यम होता त्यांचेच. जे फार खंगले होते त्यांना फारसा उपयोग झाला नाही. म्हणून उंबरठ्यावरच्या माणसाकडे आधी बघायचे.

यासाठी व्यायामशाळा लागत नाही. भिंतीला टेकवलेल्या स्टुलावरून किंवा खाटेवरून हात न टेकता उठायचे आणि सावकाश बसायचे. सुरुवातीला पाच वेळा, मग दहा, दिवसातून दोनदा. चौकटीला धरून टाचा उचलायच्या. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली दोन्ही हातांनी आळीपाळीने उचलायची. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर आधी दवाखाना. सोबतीला कुणीतरी उभे राहावे. आपल्या वस्त्यांत समाजमंदिरे आहेत, दुपारी ती रिकामी असतात. आठवड्यातून तीन दुपारी वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांनी तिथे जमावे, पोरांनी त्यांचे वजन आणि पंधरा फूट चालायला लागणारे सेकंद वहीत लिहून ठेवावेत, व्यायामानंतर प्रत्येकाच्या हातात एक उकडलेले अंडे किंवा शेंगदाण्याचा लाडू द्यावा, आणि तीन महिन्यांनी तीच मोजणी पुन्हा करावी.